पाटावरचा एकोणतीसचा पाढा

शमीम,

काल तुझी शोकसभा झाली. आपल्या हॉलमध्येच घेतली, मधल्या कोर्टवर, नेट काढून. सतरंज्या अंथरल्या होत्या आणि लोक खुशाल चपला घालून त्या लाकडी फरशीवर हिंडत होते. तू असतीस तर पहिल्या पाच मिनिटांत दोघातिघांचा पाणउतारा करून मोकळी झाली असतीस. मी मात्र भिंतीला टेकून बसले आणि दात आवळून बघत राहिले.

टेबलावर तुझा फोटो, त्याला झेंडूचा हार. झेंडूच्या वासानं तुला शिंका यायच्या, हे त्या हॉलमधल्या एकालाही ठाऊक नव्हतं. अध्यक्ष बोलायला उभे राहिले. हो, तेच. ज्यांनी बारा वर्षांपूर्वी तुला लहान मुलांच्या बॅचवरून काढलं तेच. म्हणाले, "शमीम मॅडम म्हणजे आपल्या हॉलचा पाया." माना हलल्या. मग त्यांनी आवाज जरा खाली आणला. "आता माणूस म्हटला की एखादी चूक होतेच. ती आज कुणी मनात ठेवू नये."

एखादी चूक म्हणे. तुझ्याच फोटोसमोर तुलाच माफ करून टाकलं त्यांनी, आणि वर पाण्याचा घोट घेतला. मी तिथल्या तिथे उठले. काय बोलले ते सांगते, पण आधी मला तुझ्याशी भांडायचं आहे. बारा वर्षं राहिलेलं भांडण आहे. तू मध्येच निघून गेलीस म्हणून ते मिटलं असं समजू नकोस.

आपल्याला सगळे हातवाली आणि पायवाली म्हणायचे, आठवतं ना. कॉलेजात आपण डबल्स खेळायचो तेव्हापासूनचं ते. पुढं नेटवर मी, मागचं सगळं कोर्ट तुझं. मी मनगटानं एखादा नाजूक ड्रॉप टाकायचे आणि लोक टाळ्या वाजवायचे. त्याआधी मागं तू सहा वेळा इकडून तिकडे पळून शटल जिवंत ठेवलेलं असायचं, त्याला कोण टाळ्या देतो. नंतर विश्रांतवाडीच्या हॉलमध्ये क्लास काढला तेव्हाही वाटणी तीच राहिली. मुलांचे हात माझ्याकडे, पाय तुझ्याकडे. तुझा माझ्यावर पहिल्या दिवसापासून एकच आक्षेप होता. "सुजे, फटका पोटातून निघतो. हातातून तो नुसता बाहेर पडतो. तू दाराची शिकवणी घेतेस, घराची नाही."

मला राग यायचा. अजून येतो. पण बोललीस ते खरं होतं.

पाट आणि लाटणं ही तुझीच डोकॅलिटी. मंडईच्या मागच्या बोळात अब्बांचं लाकूड कातायचं दुकान, तिथं लाटणी, पोळपाट, पाट, भोवरे यांचा ढीग. एकदा तू घाईत पाटावर पाय ठेवलास, खाली लाटणं होतं, आणि तू अब्बांसमोर सपशेल आपटलीस. दुसरी कुणी असती तर कंबर चोळत बसली असती. तू परत चढलीस. मग पुन्हा पडलीस. अब्बा हसून हसून दमले आणि म्हणाले, "बेटा, लाटणं बारीक आहे, तुला जाड कातून देतो." दुसऱ्या दिवशी तू रिक्षातून सहा पाट आणि मनगटाएवढी जाड सहा लाटणी घेऊन हॉलवर आलीस. पाटाच्या खालच्या दोन आडव्या पट्ट्यांमुळे लाटणं निसटून जात नाही, मधल्यामध्ये घरंगळतं, हे तू मला इतक्या आनंदानं दाखवलंस की मी म्हणाले, उद्यापासून आपण पोळ्यांचाच क्लास काढू.

नियम तुझा होता. पाटावर उभं राहायचं, गुडघे किंचित वाकवून, पोट आत, नजर समोरच्या भिंतीवर. आणि एकोणतीसचा पाढा म्हणायचा, एके ते दाहे. पाटाची कड जमिनीला टेकली की परत एकेपासून. हा पाढा पुरा झाल्याशिवाय स्पर्धेत नाव द्यायचं नाही, मग मूल कितीही चांगलं खेळो. एकोणतीसचाच का, असं मी विचारलं होतं. तू म्हणालीस, "तिसाचा कुणालाही येतो, त्याला डोकं लागत नाही. सामन्यात डोकं शटलमागं असतं, पायांकडे बघायला कुणी रिकामं नसतं. तेव्हा शरीर काय करतं ते मला बघायचंय." बरं, बघायचंय म्हणालीस खरं, पण बघत मात्र तू कधीच नव्हतीस. मूल पाटावर चढलं की तू मुद्दाम पाठ फिरवायचीस. कारण दुसरा नियम त्याहून कडक होता. कड टेकली हे बघणाऱ्यानं सांगायचं नाही. जो उभा आहे त्यानंच म्हणायचं, "टेकला." आणि पहिल्यापासून सुरू करायचं.

केवढी भाबडी आहे ही बाई, असं मला तेव्हा वाटायचं. दहा वर्षांची पोरं, कोण स्वतःहून म्हणणार आहे. पण म्हणायची. नवव्वे दोनशे एकसष्टपर्यंत आलेलं पोरगं ओठ चावून "टेकला" म्हणायचं आणि पुन्हा एकोणतीस एकेवर यायचं. असं सांगताना एखाद्याच्या डोळ्यांत पाणी यायचं, तेव्हा तू पाठमोरीच म्हणायचीस, "छान. चल."

मग ते सगळं कॉम्प्युटरचं प्रकरण आलं. एका पावसाळ्यात आपल्याकडे भाड्याच्या सायकलीवरून येणारी मुलं होती आणि पुढच्या पावसाळ्यात हॉलसमोर मोटारी लावायला जागा पुरेना. वडील सगळे कुठल्या ना कुठल्या कंपनीत, अर्धे अमेरिकेहून नुकतेच आलेले, उरलेले अर्धे तिकडे निघालेले. सगळ्यांना सगळं लवकर हवं होतं. मुलांना मराठीतला पाढा येईना. "ट्वेंटी नाइन वन्स आर" अशी सुरुवात झाली की तू डोळे मिटून घ्यायचीस. त्याच नव्या मुलांतल्या ऋताचे बाबा पहिल्याच आठवड्यात येऊन म्हणाले होते, "मॅडम, धिस इज अ बॅडमिंटन क्लास ऑर अ मॅथ्स क्लास?" तू त्यांच्याकडे बघितलंससुद्धा नाहीस. "अहो, दोन्ही. फी एकच घेतो आम्ही."

हसलो आपण तेव्हा. पण तिकडे हिंजवडीच्या बाजूला नवीन अकादमी निघाली होती. काचेच्या भिंती, रबरी मॅट, जमिनीवर अंथरायच्या रंगीत शिड्या. तिसऱ्या आठवड्यात मूल स्पर्धेत. आपली मुलं एकेक करून तिकडे गळायला लागली. ज्याला मी तीन वर्षं बॅकहँड शिकवला तो मुलगा दिवाळीनंतर आलाच नाही, त्याच्या आईचा साधा फोनही नाही. मी तुला म्हणाले, शमीम, पाढा पाचापर्यंत करू या. निदान शिस्त म्हणून ठेवू, अट म्हणून नको. तू म्हणालीस, "मग पाटच देऊन टाक कुणाला तरी, जेवायला बसतील." या विषयावर आपण दोन वर्षं भांडलो. चहा पिताना भांडलो, शटलचे डबे मोजताना भांडलो, तुला शनिवार पेठेत बहिणीकडे सोडायला जाताना स्कूटरवर मागं वळून वळून भांडलो, म्हणजे तू मागं आणि वळायचे मी. मी मुलं टिकवायला बघत होते. तू गुडघे टिकवायला बघत होतीस. दोघींचंही खोटं नव्हतं, एवढं तरी आता मान्य कर.

ऋता दहा वर्षांची होती. तिच्यासारखं मनगट मी उभ्या आयुष्यात परत पाहिलं नाही. शटल नेटवरून अशी सोडायची की समोरचं पोरगं नुसतं बघत उभं राहायचं. माझी विद्या एका मुलीत पुरीच्या पुरी उतरली होती आणि मी हवेत होते. तू मात्र तिच्या पायांकडे बोट दाखवायचीस. पुढच्या कोपऱ्यात लांब पाऊल टाकलं की तिचा उजवा गुडघा आत वळायचा. उडी मारून खाली आली की कंबर एकीकडे, खांदे दुसरीकडे. "हिचं पोट अजून झोपलंय," तू म्हणायचीस. "हिला चार महिने दे मला." चार महिने. तिकडे ऋताचे बाबा त्या काचेच्या अकादमीत चौकशी करून आले होते आणि पंधरा दिवसांवर स्पर्धा होती.

आणि त्याच आठवड्यात अब्बांना दवाखान्यात ठेवलं. तू दहा दिवस आली नाहीस.

आता ऐक. हे मी कालपर्यंत कुणालाही सांगितलं नव्हतं. तू नसताना मी ऋताला पाटावर उभं केलं. तुझ्यासारखीच पाठ फिरवली, कोपऱ्यातल्या बाकावर बसले आणि एका रॅकेटची तार ओढायला घेतली. पोरीनं पाढा घरी घोकून घोकून पाठ केला होता, मराठीत. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. आवाज कसा खणखणीत. तिसऱ्यालाच मागं टक झालं. पाढा थांबला नाही. सहाव्याला परत टक. आठव्याला तर इतक्या जोरात की शेजारच्या कोर्टवरच्या पोरानं वळून बघितलं. पाढा चालूच. मी तार ओढत राहिले. दाहे दोनशे नव्वद झाल्यावर मी वळले आणि म्हणाले, "शाब्बास."

मला ऐकू आलं होतं, शमीम. तीनही वेळा.

तू परत आलीस तेव्हा स्पर्धेच्या यादीत ऋताचं नाव होतं. तू मला एवढंच विचारलंस, "पाढा झाला?" मी म्हणाले, "झाला." तू मान हलवलीस आणि पाट पुसायला गेलीस. एका शब्दाचं काम होतं. मी दुसरा शब्द बोलले.

तिसऱ्या सामन्यात ती पुढच्या कोपऱ्यात गेली आणि उठलीच नाही. गुडघ्याचा तो आवाज मी बसले होते तिथपर्यंत आला. गुडघ्यातला अस्थिबंध तुटला, ऑपरेशन झालं, वर्षभर कुबड्या आणि व्यायाम. पोरगी चालायला लागली, पण खेळ संपला. डॉक्टर म्हणाले की असं कुणालाही होऊ शकतं. असेलही. पाढा नीट झाला असता तरीही कदाचित झालं असतं. हे मला कधीच कळणार नाही, आणि त्याचा जो संताप आहे तो मी कुणावर काढू?

मग ती बैठक. अध्यक्ष, सचिव, ऋताचे बाबा, चार पालक. बाबा ओरडत होते, आणि त्यांना अधिकार होता. त्यांनी विचारलं, मुलगी खेळायला तयार आहे हे कोणी ठरवलं?  तू एकदा माझ्याकडे बघितलंस. मग उभी राहिलीस आणि म्हणालीस, "पायांचं काम माझ्याकडे आहे. पाढा झाला असं मी मानलं. जबाबदारी माझी."

मी मूग गिळून बसले. सचिवांनी इतिवृत्ताच्या वहीत लिहिलं, "पदन्यास प्रशिक्षणातील हलगर्जीपणामुळे खेळाडूस इजा; श्रीमती शमीम यांना बाल गटाच्या जबाबदारीतून मुक्त करण्यात येत आहे." मुक्त म्हणे. पुढच्या महिन्यात तुझे पाट माळ्यावर गेले, रंगीत शिड्या आल्या, आणि मी मुख्य प्रशिक्षक झाले. आयत्या बिळावर नागोबा. त्यानंतर विश्रांतवाडीत तुझी ओळख काय राहिली, तर ती बाई, जिनं मुलीचा गुडघा घालवला. भाजी घेताना तुझ्याकडे बघून आया मुलांना जवळ ओढायच्या. मी हे डोळ्यांनी पाहिलंय आणि त्यातल्या एकीला मी ओळखून नमस्कारही केलाय.

आता सांग, तुला कोणी सांगितलं होतं मोठेपणा करायला? मी तुझ्याकडे मागितला होता का? तू तिथे म्हणू शकली असतीस, मी दहा दिवस दवाखान्यात होते, सुजाताला विचारा. तेवढंच. मला घाम फुटला असता, मी रडले असते, दोन शिव्या खाल्ल्या असत्या आणि सुटले असते. तू मला ते मिळू दिलं नाहीस. बारा वर्षं तुझ्या चांगुलपणाखाली मी दबून राहिले आणि वर तू दर रविवारी येऊन माझ्याच घरी चहा प्यायचीस, साखर कमी आहे म्हणून कुरकुरायचीस.

माझी पाठ गेली तेव्हाचं तर विचारूच नकोस. हालता येत नव्हतं. तुला काढल्याला वर्षही झालं नव्हतं. तू सलग दोन महिने रोज सकाळी मंडईहून बस बदलून यायचीस, मला चटईवर आडवं करायचीस, एक पाय उचलायला लावायचीस आणि पोटावर दोन बोटं ठेवून म्हणायचीस, "इथून. पायानं नाही, इथून." माझी आई चहा घेऊन यायची आणि तुला म्हणायची, "बाळा, तू नसतीस तर हिचं काय झालं असतं." मी छताकडे बघत पडलेली असायचे. रोज वाक्य तोंडाशी यायचं. रोज तू म्हणायचीस, "बोलू नकोस, श्वास सोड." मी श्वास सोडायचे. आज या वयात मी ताठ चालते ती तुझ्यामुळे. याबद्दल तुला एकदाही धन्यवाद दिले नाहीत, कारण एक दिलं असतं की दुसरं द्यावं लागलं असतं.

आणि तू काय केलंस, तर बागेतल्या म्हाताऱ्यांना जमवलंस. लाटणं न घेता नुसत्या पाटावर एका पायावर उभं राहायचं, म्हणजे न्हाणीघरात घसरून पडणार नाहीत. काल शोकसभेत मागच्या रांगेत ते नऊ जण बसले होते, काठ्या न घेता आलेले. त्यांना कुणी बोलायला सांगितलं नाही. माझी आईही आली होती. सकाळी विहारात तुझ्या नावानं मेणबत्ती लावून आली होती. फोटोकडे बघून एवढंच म्हणाली, "हार बदला, तिला झेंडू चालत नाही." म्हणजे एकीला ठाऊक होतं, मघाशी मी चुकीचं लिहिलं.

तर मी उठले. अध्यक्षांचा पाण्याचा घोट अजून घशातच होता. मी म्हणाले, "ती चूक शमीमची नव्हती. ऋताचा पाढा मी घेतला होता. पाट तीनदा टेकला. मी ऐकलं. तरी झाला म्हणून सांगितलं, शमीमलासुद्धा. हे आजच्या आज वहीत घ्या."

 मग अध्यक्ष आपलं ते नेहमीचं मऊ हसू हसले. "मॅडम, आपण भावनेच्या भरात आहात. आता ह्या वेळी कशाला? गेलेल्या माणसाच्या सभेत असले विषय बरे नव्हेत."

"गेलेल्या माणसाच्या सभेत चूक कुणी काढली?" मी विचारलं. "तुम्ही काढलीत. मी फक्त ती कुणाची ते सांगितलं."

मागून कुणीतरी पुटपुटलं, वरातीमागून घोडं. मी वळून म्हणाले, "बरोबर आहे. उशिरा आलंय. पण आलंय ना, मग बांधून घ्या." सचिव म्हणाले, जुनं इतिवृत्त बदलता येत नाही, नियमात बसत नाही. मी म्हणाले, नवीन ठराव करा, तो बसतो. तिला हॉलचा पाया म्हणता आणि वहीतली ती ओळ तशीच ठेवता, वर तिचा फोटो लावणार. ठराव होईपर्यंत फोटोला खिळा ठोकू देणार नाही. माझी नोकरी ठेवायची की नाही ते त्याच ठरावात लिहा. माझा आवाज चढला होता. नऊ म्हाताऱ्यांपैकी एक जोशी आजोबा उठून माझ्याशेजारी येऊन उभे राहिले, एका पायावर भार देऊन, तुझ्या पद्धतीनं. अध्यक्ष म्हणाले, बघू, पुढच्या बैठकीत विषय घेऊ. घेतला नाही तर मी दर आठवड्याला त्यांच्या दारात जाऊन बसणार आहे.

आणि मग ऋता आली.

ती सभेला आलेली मला दिसलीच नव्हती. आता खराडीला कंपनीत आहे, गळ्यात ते ओळखपत्र, थेट ऑफिसमधून आलेली. जिना चढताना अजून उजव्याला जपून डावा पाय आधी टाकते.  मी म्हणाले, ऋता, मी तुझी... ती म्हणाली, "मॅडम, प्लीज. मलाही माहीत होतं ना. मीच उभी होते पाटावर. मी टेकला म्हटलं नाही."

"तू दहा वर्षांची होतीस गं."

"हो, पण मी शमीम मॅडमना सांगितलं होतं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्या हॉस्पिटलमध्ये आल्या होत्या. मी खूप रडले. सांगितलं, तीन वेळा टेकला आणि मी चीट केलं, आणि सुजाता मॅडम तिथेच होत्या."

मी विचारलं, ती काय म्हणाली?

"म्हणाल्या, छान. तू सांगितलंस, तुझं झालं. आता सुजाता मॅडमचं त्या सांगतील. त्यांना तू किंवा मी आठवण करायची नाही. जो उभा असतो त्यानंच सांगायचं असतं." मग ऋता म्हणाली, "मॅडम, मी दर वर्षी त्यांना भेटायचे. दर वेळी विचारायचे, सांगितलं का त्यांनी? त्या म्हणायच्या, सांगेल. पक्की आहे ती, वेळ लागतो."

ऑपरेशन आधी झालं. बैठक नंतर. म्हणजे बैठकीत तू माझ्याकडे बघितलंस तेव्हा तुला सगळं ठाऊक होतं. तू आधार मागत नव्हतीस. तू पाठ फिरवून उभी होतीस, नेहमीसारखी, आणि मी पाटावर होते. बारा वर्षं तू पाठ फिरवून उभी राहिलीस. माझ्या घरात, माझ्या चटईपाशी, तो कमी साखरेचा चहा पीत. आणि शेवटच्या भेटीत, तुला धड बोलता येत नव्हतं तेव्हाही, माझा हात धरून नुसती वाट बघितलीस. मी काय म्हणाले? म्हणाले, औषध घेतलंस का. आणि तू मान हलवलीस.

मला तुझा भयंकर राग आलाय, शमीम. माझ्यावर इतका विश्वास ठेवायचं कुणालाही काही कारण नव्हतं. तू एकदा जरी चिडली असतीस तर मी वेळेवर सांगितलं असतं. की नसतं सांगितलं, कोण जाणे. तू असताना सांगायचं होतं ते मी फोटोला सांगितलं, हा हिशेब आता कुठल्याच ठरावानं मिटत नाही.

आज सकाळी मी बॅचच्या आधी हॉलवर गेले. माळ्यावर चढून तुझा एक पाट आणि एक लाटणं काढलं. धुळीखाली अब्बांच्या हातचं लाकूड तसंच गुळगुळीत होतं. मुलं यायला लागली, आपापल्या पिशव्या टाकून, बुटांच्या नाड्या बांधत, कानात वायरी घालून. कुणाचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. मी पाट मांडला, भिंतीचा आधार न घेता चढले. या वयात, साडीवर. पोट आत. नजर समोर, जिथं तुझा फोटो लावायचा आहे त्या रिकाम्या भिंतीवर.

एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. गुडघे थरथरायला लागले. एकोणतीस चोक एकशे सोळा, आणि डाव्या बाजूची कड जमिनीला लागली. अगदी हलकी. आवाजसुद्धा झाला नाही. झाला असता तरी मुलांच्या गलक्यात तो कुणाला ऐकू आला नसता.

"टेकला," मी मोठ्यानं म्हणाले.

मुलं वळून बघायला लागली. मी परत पोट आत घेतलं आणि एकेपासून सुरू केलं.